आशांना ओआरएसचे प्रशिक्षण देताना

ताई, तुमच्या प्रश्नाचा मथितार्थ असा की, गटातील आशा स्वयंसेविकांना अतिसाराची माहिती तोंडपाठ आहे, चाचणीत गुणही चांगले पडले, तरी घरोघरी वाटलेली ओआरएसची (जुलाबात पाण्यात कालवून पाजायच्या क्षार-साखरेच्या भुकटीची) पाकिटे फळीवर पडून राहतात आणि जुलाब लागलेले मूल सलाईनसाठी थेट खाजगी दवाखान्यात नेले जाते. माझ्या मते दोष आशांच्या स्मरणशक्तीत नसून आपण परीक्षा कशाची घेतो यात आहे.

बांगलादेशातील ‘ब्रॅक’ या संस्थेने 1980 ते 1990 या दशकात गावोगावच्या आयांना तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी यांचे द्रावण करायला घरी जाऊन शिकवले. शिकवणाऱ्या स्त्रीचे मानधन तिने किती घरे केली यावर नव्हे, तर पुढे तपासनीस गेल्यावर आईला किती आठवते आणि द्रावण बरोबर जमते का, यावर ठरत असे. तरीही सुरुवातीला प्रत्यक्ष वापर कमीच होता. शोध घेतल्यावर दिसले की शिकवणाऱ्यांपैकी अनेकींचाच या उपायावर पुरता भरवसा नव्हता आणि घरातल्या पुरुषांना कोणी विचारात घेतले नव्हते. तुमच्या आशा स्वतःच्या मुलाला जुलाब झाल्यावर काय देतात, हे आधी मोकळेपणाने विचारा.

प्रशिक्षणात तक्त्यांचा वेळ कमी करून प्रत्येकीला घरचाच तांब्या आणायला सांगा. एक लिटरच्या बाटलीने पाणी मोजून ओतले की कोणाचा तांब्या पाऊण लिटरचा, कोणाचा सव्वा लिटरचा निघतो. पाकीट एक लिटरचे असताना ते पेलाभर पाण्यात कालवले, तर द्रावण खारट आणि घट्ट होऊन बाळाला अपायच होतो. बाजारात 200 मिलिलिटरची लहान पाकिटेही मिळतात, म्हणून पाकिटावरचे माप वाचण्याची सवय लावावी. द्रावण 24 तासांत संपवायचे, उरले तर टाकून द्यायचे.

त्यानंतर पाजण्याचा सराव घ्यावा, कारण घरात हा उपाय फसतो तो बहुधा इथेच. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर 50 ते 100 मिलिलिटर, चमच्याचमच्याने द्यायचे असते. तहानलेले मूल घटाघटा पिते, ओकते आणि आजी म्हणते, ‘पोटात ठरत नाही, बंद करा.’ अशा वेळी दहा मिनिटे थांबून अधिक सावकाश पाजायचे, हे आशाने आजीसमोर बसून करून दाखवले पाहिजे. त्याहून मोठी तक्रार म्हणजे ‘पाजले तरी जुलाब थांबले नाहीत’. ओआरएस जुलाब थांबवत नाही, अंगातले गेलेले पाणी आणि क्षार भरून काढते. हे पाकीट हातात देतानाच सांगितले नाही, तर दुसऱ्या दिवशी आशाचा शब्द कोणी ऐकत नाही.

शुष्कता, म्हणजे अंगातले पाणी कमी होणे, ओळखण्यासाठी डोळे खोल जाणे, चिडचिड, तहान आणि पोटावरची चिमटीत धरलेली कातडी सावकाश पूर्ववत होणे ही लक्षणे शिकवावीत. मात्र तीव्र कुपोषित मुलात कातडीची खूण फसवी ठरते, हे आदिवासी भागातील आशांना आवर्जून सांगावे. मूल मलूल पडले, पिणे थांबले, शौचात रक्त दिसले किंवा पाजलेले सगळेच उलटून पडू लागले, तर वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवायचे आणि वाटेतही, मूल गिळू शकत असेल तर, पाजणे चालू ठेवायचे. स्तनपान व नेहमीचा आहार बंद करायचा नाही.

ओआरएसच्या जोडीला झिंकची गोळी सहा महिन्यांवरील मुलाला रोज 20 मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला 10 मिलिग्रॅम, चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून 14 दिवस द्यायची असते. जुलाब दोन-तीन दिवसांत थांबले की आया ती सोडून देतात. म्हणून आठवड्याने आशाने घरी जाऊन गोळ्यांची पट्टी पाहायला मागावी, आणि तुम्ही देखरेखीला जाल तेव्हा रजिस्टरआधी तीच पट्टी पाहा.