बीबॉपचा ट्रम्पेट कुठून ऐकू?

प्रश्न: मी वेंगुर्ल्यात लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो. बीबॉपच्या, म्हणजे १९४०च्या दशकातल्या फास्ट जॅझच्या, जुन्या रेकॉर्ड ऐकायला घेतल्या पण स्पीड एवढा की डोक्यावरून जातं. सुरुवात कुठून करू? आणि १९४५च्या आधीचं फारसं मिळत का नाही?

उत्तर: आधी दुसरं सांगतो. ऑगस्ट १९४२पासून अमेरिकेतल्या वादकांच्या युनियनने रॉयल्टीसाठी रेकॉर्डिंगच बंद केलं, मोठ्या कंपन्या तर १९४४च्या नोव्हेंबरपर्यंत अडल्या, आणि नेमकं त्याच काळात हे म्युझिक क्लबांत घडत होतं, म्हणून सुरुवातीचं बरंचसं रेकॉर्डच झालं नाही. केवढं नुकसान!

ऐकायला ट्रम्पेटवाला डिझी गिलेस्पीचं १९४५चं ‘ग्रूविन हाय’ घ्या, त्याची चाल झेपेल अशी आहे, त्याचंच ‘सॉल्ट पीनट्स’ फास्ट आहे, ते नंतर ऐका. मग ट्रम्पेटवाला फॅट्स नॅव्हारो, आणि हा माझा सगळ्यात लाडका, कारण कितीही फास्ट वाजवला तरी त्याचा सूर भरलेला, गोल राहतो, एकही नोट चिरडत नाही आणि तुम्हाला हेच शिकायचंय ना! १९५०मध्ये गेला, फक्त २६ वर्षांचा. ट्रम्पेटवाल्या क्लिफर्ड ब्राऊनचा १९५५चा ‘स्टडी इन ब्राऊन’ अल्बम पण ऐकाच.

ट्रम्पेट लगेच उचलू नका हां, आठ बार (तालाची आठ आवर्तनं) आधी तोंडाने गुणगुणता आले पाहिजेत, मग स्पीड अर्धा करून वाजवा.