उतारापासून मांडलेला आठवडा

प्रिय भाऊ,

तुझ्या धावण्याच्या सरावाचा आठवड्याचा तक्ता पाहिला. सोमवार ते शनिवार रोज दहा किलोमीटर सपाट रस्त्यावर आणि रविवारी धुळ्याजवळचा लळिंग किल्ला लागोपाठ दोनदा. दुसऱ्या उतरणीला मांड्या थरथरायला लागल्या आणि बुधवारपर्यंत घरचा जिना उतरताना कठडा धरावा लागला, हे मात्र तू अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंस. आठवडा तिथूनच मांडायला हवा.

चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना भार पेलतो, म्हणजे ब्रेकचं काम करतो. या ब्रेकच्या कामात स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होते आणि दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त जाणवतं. चांगली गोष्ट अशी की एकदा मोजका उतार धावून झाला, की स्नायू त्याला सरावतो आणि पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराने कमी दुखतो. तेव्हा उताराची मात्रा थोडी ठेव, पण दर आठवड्याला घे. सपाटीवर साठ किलोमीटर धावलास तरी ती मिळत नाही. किलोमीटर मोजणं सध्या सोड. मिनिटं मोज, आणि घड्याळात चढ-उताराचे मीटर दिसत असतील तर ते वहीत लिही.

सोमवार आणि शुक्रवार सुट्टी. सुट्टी म्हणजे क्रिकेटची मॅच नव्हे.

मंगळवारी चढाचे फेरे. पंधरा मिनिटं हळू धावून अंग गरम कर, मग कुठल्याही टेकडीच्या मातीच्या चढावर एक मिनिट जोरात, असे सहा फेरे. जोर एवढा की तोंडातून दोन-तीन शब्दच निघावेत. खाली येताना चालत ये. इथे बहुतेक पोरं खाली पळत येतात आणि रविवारची मात्रा मंगळवारीच संपवून टाकतात.

बुधवारी चाळीस मिनिटं शेतरस्त्याने, अगदी निवांत. बांधावरच्या गुराख्याने ‘कथा चालना रे भो?’ (कुठे चाललास रे भाऊ?) विचारलं, तर न थांबता पूर्ण वाक्यात उत्तर देता आलं पाहिजे. नाही आलं, तर वेग कमी कर. शनिवारीही हेच, पण तीस मिनिटं.

गुरुवारी धावायचं नाही, जिन्यावर काम करायचं. साधारण वीस सेंटिमीटरच्या पायरीवर एका पायावर उभा राहा. दुसऱ्या पायाची टाच तीन सेकंद घेत सावकाश खाली ने, जमिनीला नुसती टेकव, पुन्हा वर ये. प्रत्येक पायाला आठ वेळा, असे तीन फेरे. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. तो आत कलत असेल तर पायरी उंच आहे, कमी उंचीची शोध. मग पोटऱ्या: टाचा पायरीबाहेर ठेवून वर-खाली, बारा वेळा गुडघा सरळ आणि बारा वेळा किंचित वाकवून. वाकवलेल्या गुडघ्याने पोटरीचा आतला, खोल स्नायू राबतो, आणि चढावर जास्त काम त्याचंच असतं. हा दिवस कंटाळवाणा वाटतो म्हणून तोच आधी गाळला जातो. गाळू नकोस.

आता रविवार. फेब्रुवारीच्या अखेरीस आपल्याकडे सूर्य सातच्या जरा आधी उगवतो. पहाटे गारवा असतो, पण दुपारी पारा पस्तिशीला टेकतो आणि लळिंगचा काळा दगड नऊनंतर तापायला लागतो. त्यामुळे साडेसहाला, पायाखालचं दिसायला लागलं की निघ आणि नऊच्या आत खाली ये. अंधारात एकट्याने झाडीत शिरू नकोस.

चढ चालत चढ. यात कमीपणा काही नाही. वाट तीव्र झाली की धावण्याने वेग फारसा वाढत नाही, दम मात्र जास्त लागतो. हात मांडीवर टेकवून लहान पावलं टाक. वर पोचल्यावर पाच मिनिटं थांब, पाणी पी, बुटाची नाडी बांध. उतरण्याआधी नाडी वरच्या जादा भोकातून ओवून घट्ट करायची, म्हणजे पाय पुढे सरकत नाही. नखं काळी पडतात ती याच सरकण्याने. नखं शुक्रवारीच काप, आणि बूट असा घे की उभं राहिल्यावर अंगठ्यापुढे बोटभर जागा उरेल.

उतरताना टाच पुढे फेकून ब्रेक लावायचा मोह होतो. मांड्यांची आग तिथूनच सुरू होते. पावलं आखूड आणि भराभर टाक, पाऊल शरीराच्या खाली पडू दे, गुडघा किंचित वाकलेला, हात कोंबडीच्या पंखांसारखे थोडे बाहेर. नजर पायांवर नको, तीन-चार मीटर पुढे हवी. मुरमाच्या सुट्या खड्यांवर अचानक थांबायला गेलास की घसरलास. पहिल्या आठवड्यात उतारावर एकूण दहा मिनिटंच धाव, बाकी चालत ये. पुढच्या आठवड्यात बारा. किल्ला दोनदा करायची घाई महिनाभर तरी नको.

या दिवसांत वाटेवर जे भेटतं त्याचीही तयारी ठेव. वाळलेल्या गवताची कुसळं मोज्यात घुसतात आणि तासाभरात घोटा सोलून काढतात. जुन्या मोज्याचा पंजा कापून त्याची नळी बुटाच्या तोंडावर चढवली की निम्मा त्रास जातो. बाभळीचा काटा बुटाच्या तळातून आरपार येतो, तेव्हा छोटा चिमटा जवळ ठेव. दगडाच्या कपारीत न बघता हात घालू नकोस. फुरसं लहान दिसतं, पण विषारी असतं. साप चावलाच तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, पाय हलवायचा नाही. 108 ला फोन करून थेट सरकारी दवाखाना गाठायचा. आणि तटाच्या किंवा कड्याच्या कपारीत आग्या मोहोळ दिसलं तर आरडाओरडा नको, धूर नको, अत्तर तर घरीच विसर. माशा उठल्या तर हात झाडत उभा राहू नकोस, तोंड झाकून लांब पळ. त्या वेळी वेगाची मर्यादा नाही.

खाण्याचं. धाव दीड तासापुढे गेली की तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं लागतात. एका मध्यम केळ्यात साधारण 25 ग्रॅम असतात, आणि केळ्यांसाठी आपल्या खानदेशाला कुणाकडे हात पसरायची गरज नाही. सोबत गूळ-शेंगदाण्याची चिक्की ठेव. भूक लागायची वाट न बघता चाळिसाव्या मिनिटाला पहिला घास. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळायचं. अर्ध्या लिटरमध्ये घट्ट केलंस तर पोट ढवळतं. नुसतं पाणी लिटरच्या लिटर ढोसणंही धोक्याचं, रक्तातलं मीठ पातळ होतं. तुला किती लागतं ते असं काढ: धावण्याआधी आणि नंतर, घाम पुसून, कमी कपड्यांत वजन कर. जेवढे किलो कमी झाले तेवढे लिटर घाम, त्यात वाटेत प्यायलेलं मिळव. शनिवारी रात्री शेवभाजी नको. रविवारी दुपारी खुशाल, कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीबरोबर.

मार्चमध्ये ऊन वाढेल तशी त्याच वेगाला छाती जास्त धडधडेल. तब्येत बिघडलेली नसते, शरीराला उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. तेवढे दिवस वेग उतरव. पण उन्हात अंगावर शहारे आले, चक्कर आली, बोलणं अडखळलं, तर तिथेच थांबून सावलीत बसायचं आणि मान, काखा, डोकं ओलं करायचं. ‘थोडंच राहिलंय’ म्हणत रेटायचं नाही.

तोरणमाळचं विचारलं होतंस. साधारण 1,150 मीटर उंचीवरची ती हवा तुला आवडेल, पण सातपुड्यातल्या उतरणी लांब आहेत. एप्रिलच्या आधी नको, आणि एकट्याने तर नकोच. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीकडे जायचं असेल तर ते अभयारण्य आहे, आधी वनखात्याच्या नाक्यावर विचारून परवानगी घे. सागाची पानगळ तिथे वाट झाकून टाकते, पानांखालचा दगड दिसत नाही, तेव्हा तिथे उतार चालतच.

येत्या मंगळवारी सकाळी मला दोन गोष्टी कळव: जिना उतरताना मांडी किती दुखली, दहापैकी किती गुण देशील, आणि रविवारचं आधीचं-नंतरचं वजन. दुखण्याचे गुण चारच्या खाली आले तर उतारावर बारा मिनिटं, नाहीतर पुन्हा दहाच.

तुझा,
दादा

ता. क. गाडी पायथ्याला झाडाच्या पश्चिमेला लाव. नऊ वाजता येशील तेव्हा सीट थंड असेल.