मे महिना मोजून गोठा बांध

पुणे

चि. पोरीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. हडपसरची नोकरी सोडून सुप्याच्या शेतावर जायचं म्हणतेस: चार एकर, दोन संकरित गाई, वीस शेळ्या. बाबाला सांगितलंस की नाही, ते काही लिहिलं नाहीस. ते तुमचं तुम्ही बघा.

गोठा केवढा बांधू, असं विचारलंस. कर्ज किती मिळतंय ते बघून ठरवू नकोस, मे महिना बघून ठरव. पावसाळ्यात बांधावर गवत असतं, तेव्हा दहा जनावरंही सहज पोसतील असं वाटतं. हिशोब मात्र फेब्रुवारी ते मे या १२० दिवसांचा. ४०० किलोच्या गाईला रोज कोरड्या वजनात १० ते १२ किलो चारा लागतो. दोघींचा झाला अडीच टनांच्या वर. मोठ्या शेळीला किलोभर धर, म्हणजे वीस शेळ्यांचा आणखी तेवढाच. पाच टन! तुमच्या कोरडवाहू रानात एकरी किती कडबा निघतो ते एकदा वजनकाट्यावर मोज, मग शेळ्या वीस की आठ ते आपोआप कळेल. मालदांडी ज्वारी सोडू नकोस. दाण्याला भाव नसला तरी कडबा घरात येतो. बारामतीकडून उसाचं वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, स्वस्तात मिळेल, पण नुसत्या वाढ्यावर गाई ठेवू नकोस. त्यातलं ऑक्झलेट अंगातलं कॅल्शियम ओढून घेतं.

आता धनगरांचं. दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन त्यांचे वाडे, म्हणजे बिऱ्हाडांचे तांडे, कोकणाकडे उतरतात, पावसाच्या आधी परततात. आमच्या लहानपणी वडील त्यांची वाट बघायचे. मोकळ्या रानात वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून तीन-चार रात्री खतासाठी मेंढ्या बसवायच्या, मोबदल्यात पायलीच्या मापानं ज्वारी द्यायची. पहाटे रानात गेलं की लेंड्या आणि मुताचा उग्र वास, तीन दगडांवर चहाचं भगुणं, घोड्याच्या पाठीवर बांधलेलं कोकरू. वाघर उचलली की वडील त्याच दिवशी कुळवाची पाळी घालायचे. लेंडीखत उघडं राहिलं की त्यातलं नत्र हवेत उडून जातं, हे त्यांना कुठल्या कॉलेजात शिकवलं नव्हतं. आता जागोजाग ऊस आणि प्लॉटिंग, त्यामुळे मेंढ्यांना वाट उरली नाही आणि भांडणं वाढली. एकदा आमच्याच रानात बसलेला कळप रात्री शेजाऱ्याच्या हरभऱ्यात घुसला, आणि नुकसान मी भरून दिलं. चूक माझीच होती. शेजारी काय उभं आहे ते मेंढ्या बसवण्याआधी धनगराला दाखवायला हवं होतं. तू दाखव, दरही आधीच ठरव, आणि कळपाला पाणी कुठे मिळेल तेही सांग. जेजुरीच्या खंडोबानं वाण्याची म्हाळसा आणि धनगराची बाणाई दोघींना सांभाळलं, तुला तर नुसतं रान आणि गोठा सांभाळायचाय.

शेळ्यांना आंत्रविषार आणि पीपीआर या रोगांची लस पावसाळ्याआधी टोचून घे.

आणि एक, हे नीट वाच. ज्वारी काढल्यावर बुडख्यांना जे हिरवे फुटवे येतात, त्यात जनावर सोडायचं नाही. पाण्याच्या ताणात खुरटलेल्या कोवळ्या ज्वारीतही नाही. माझी चंद्री गाय अशाच फुटव्यात शिरली. कोणी हाकललं नाही, कारण मीच म्हणालो होतो, "खाऊ दे, फुकटचा चारा आहे." अर्ध्या तासात ती धापा टाकत आडवी झाली, डॉक्टर आले तेव्हा उशीर झाला होता. गावात या विषबाधेला किराळ लागणं म्हणतात. डॉक्टरांचं इंजेक्शन वेळेत शिरेत गेलं तरच जनावर वाचतं, म्हणून त्यांचा नंबर गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेव.

यंदा नुसत्या गाईच आण. शेळ्यांचं मेमध्ये बघू. मी त्या महिन्यात येतोच आहे, तुझी कडब्याची गंज किती उरली ते दोघं मिळून मोजू.

तुझा काका