सड्यावरची दोन वर्तुळं

प्रिय बाय,

अनेक आशीर्वाद. संशोधन संस्थांच्या सहकार्याचं तुझं जाळं मोठ्या कागदावर छापून घेतलं आणि कालची दुपार त्यावर घालवली. वर्तुळ म्हणजे संस्था, दोघींना जोडणारी रेघ म्हणजे मिळून लिहिलेला निबंध. त्यात गोव्यातल्या वास्कोला, सड्यावर दोन वर्तुळं दिसली. एकावर एनसीएओआर, दुसऱ्यावर एनसीपीओआर. अगं, ती एकच संस्था! ध्रुवीय संशोधनाच्या त्या केंद्राचं नाव २०१८ मध्ये बदललं. तुझ्या जाळ्यात मात्र जुनी संस्था ओसाड पडते आणि शेजारी नवी उगवते.

तेव्हा कोण मध्यवर्ती, कोण काठावर, हे मोजण्याआधी नावं निवड, तांदूळ निवडतात तशी. दोना पावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेचा पत्ता कुणी पणजी लिहितं, कुणी पंजिम, कुणी नुसतं गोवा. मी एकदा पणजी आणि पंजिम वेगळी ठेवून बैठकीत तक्ता मांडला होता. त्यावरून एका विभागाचा निधी ठरायचा होता. एका ज्येष्ठ बाईंनी काही न बोलता त्या दोन ओळींवर बोट ठेवलं. ते बोट मी विसरलेलो नाही.

मग रेघांच्या वजनाचा प्रश्न. २०१५ मध्ये सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतल्या अ‍ॅटलस आणि सीएमएस या गटांनी हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानावर एकत्र निबंध छापला. लेखक ५,१५४! लेखकांच्या प्रत्येक जोडीत एक रेघ ओढलीस तर या एका निबंधाच्या १ कोटी ३२ लाखांवर रेघा होतात. इकडे फर्मागुडीच्या आयआयटीतल्या एकाने आणि ताळगावच्या विद्यापीठातल्या एकीने वर्षभर खपून लिहिलेल्या निबंधाची रेघ एकच. अशा जाळ्यांचा अभ्यास करणारे भौतिकशास्त्रज्ञ मार्क न्यूमन यांनी २००१ मध्ये यावर तोड सुचवली: लेखकसंख्येतून एक वजा करायचा आणि त्याने एकाला भागायचं. दोघांच्या निबंधात जोडीला पूर्ण १, पाच जणांच्या निबंधात प्रत्येक जोडीला पाव. संस्थांसाठीही हेच करून बघ, आणि अहवालात साधी मोजणी व ही मोजणी शेजारी शेजारी दे. कोणती संस्था कुठे सरकते ते वाचणाऱ्याला दिसू दे.

आणखी एक. 'सिंधु साधना'सारख्या संशोधन जहाजावर रात्री पाण्याचे नमुने काढणारा प्रत्येक हात लेखकांच्या यादीत पोचत नाही. असे हात निबंधाच्या शेवटी, आभारात सापडतात. ते सहकार्य तुझ्या जाळ्यात अजून आलेलंच नाही, आणि मला त्याचीच सर्वांत जास्त रुखरुख आहे.

शनिवारी ये. कोणतेही वीस निबंध छापून आण, आभार मिळून वाचू.

तुझा,
काका