लाईट गेली की सोलरपण जातं का?

प्रश्न: ताई, आमचं घर गोव्यात डिचोली तालुक्यात, जुनं मंगलोरी कौलांचं, मागे किचन-बाथरूम नंतर वाढवलं त्याला स्लॅब आहे. महिन्याला साधारण २५० युनिट येतात. पावसात लाईट दिवसातून कितीदा जाते त्याला हिशोबच नाही, म्हणून सोलर घालायचं म्हणतोय. एक एजंट येऊन गेला, म्हणाला ३ किलोवॅट घाला, लाईट गेली तरी घरात सगळं चालू, आणि स्लॅबवर सावली येते ते दोन माड पाडून टाका. आई म्हणते माड पाडायचे तर आधी मला घराबाहेर काढा. काय करू?
– एक वाचक, डिचोली

उत्तर: भाऊ, आईंचं ऐका. एजंटने तुम्हाला चक्क उलटं सांगितलंय. बॅटरी नसलेलं साधं ऑनग्रिड सोलर, म्हणजे वीज खात्याच्या लाईनला जोडलेलं, लाईट गेली की भर उन्हातसुद्धा बंद पडतं. तो बिघाड नाही, मुद्दाम तसंच बनवलेलं असतं, नाहीतर तुमच्या स्लॅबवरचा करंट उलटा तारेत जाईल आणि खांबावर चढलेल्या वीज खात्याच्या लाईनमनला शॉक बसेल. लाईट गेल्यावरही चालायला हवं तर बॅटरीवालं हायब्रिड घ्यावं लागतं, ते महाग, आणि बॅटरीला सबसिडी नाही. तुमचा त्रास फक्त दिवे, पंखे, वायफाय एवढाच असेल तर नेहमीचा इन्व्हर्टर-बॅटरी पुरे.

सोलर घाला, पण बिलासाठी. आणि त्याआधी पंखे बघा हो, हे कोणी एजंट सांगणार नाही कारण त्यात त्याला काही सुटत नाही. जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा, ३० च्या आसपास. चार पंखे रोज १२ तास फिरले तर महिन्याला ६५ युनिट तरी वाचतात. मग तुमचे उरले १८५, त्याला ३ किलोवॅट कशाला? १ किलोवॅट चांगल्या उन्हात दिवसाला ४ युनिट देतं, म्हणजे २ किलोवॅटचे महिन्याला २४० झाले. जून-जुलैत ते खूपच खाली येतं पण नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर, असला की उन्हाळ्यातले जास्तीचे युनिट पुढच्या बिलांत वळते होतात. पीएम सूर्यघर या केंद्राच्या योजनेत २ किलोवॅटला ६०,००० रुपये सबसिडी आहे, ३ ला ७८,०००, एजंट ३ का म्हणतो ते आलं ना लक्षात.

पॅनल कौलांवर नको, जुने वासे आणि त्यात गळती, कोणी सांगितलंय. स्लॅबवर २०० चौरस फूट मोकळी जागा मिळाली की झालं, तोंड दक्षिणेला.

आता माड. ते स्लॅबच्या उत्तरेला असतील तर सावलीचं टेन्शन जवळपास नाहीच. दक्षिणेला असतील तर एक दिवस ९ ते ३ सावली कुठे फिरते ते खडूने आखा, शक्यतो डिसेंबरात, तेव्हा ती सगळ्यात लांब पडते. एका पॅनलवर सावली आली की अख्खी रांग मंदावते, तिथे मायक्रो इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलला स्वतंत्र छोटा इन्व्हर्टर, लावतात, थोडा खर्च वाढतो पण प्रत्येक पॅनल आपापला चालतो. आणि माड असाच पाडता येत नाही, २०१६ मध्ये त्याला गोव्याच्या झाडं राखायच्या कायद्यातल्या झाडांतून वगळलं होतं, केवढी ओरड झाली, मग परत त्यात घेतला. परवानगी लागतेच.

फक्त चुडतं (झावळ्या) आणि नारळ पॅनलवर पडू देऊ नका, वेळच्या वेळी काढून घ्या. हल्ली सोलरवाला दारात येतो पण पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ काढणारा, काही मिळत नाही, त्याला आत्तापासूनच सांगून ठेवा.