आधी अडचण, मग प्रेम

चि. लेखिकाबाई,
अनेक आशीर्वाद.

"पेशवाईतली ही प्रेमकथा विनोदी ठेवू की थरारक?" हा प्रश्न मला पुन्हा विचारू नकोस. तिसरं प्रकरण रखडलंय, कारण त्यात कुणाचंच काही अडत नाही. आधी अडचण लिही.

तुझा हेर शनिवारवाड्यामागच्या बोळात, भर पावसात, तोड्याची बंदूक रोखून दबा धरतो. तोड्याची! म्हणजे जळती वात. अंधारात तिचं टोक निखाऱ्यासारखं दिसतं, वास सुटतो आणि पाऊस लागला की ती विझते. अगं, प्रसंग आयता समोर आहे! वात झाकताना पगडी करपू दे, नायिकेला आधी तो वास येऊ दे.

दांडपट्ट्याचंही तसंच. हात कोपरापर्यंत लोखंडी खोळीत, मनगट वळत नाही, लांब पातं खांद्यातून फिरवायचं. माजघरात पहिला वार खांबावर बसणार. त्या हाताने गाठ सुटत नाही की कडी निघत नाही. कडी नायिकेलाच काढावी लागेल. झालं की प्रेम सुरू! त्यासाठी चांदणं कशाला हवं?

नायिकेच्या चिठ्ठीवर मात्र वेळ घालव. मोडी लिपीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळं दाखवत नाहीत. "सुत पाठवणे" याचा अर्थ मुलगा पाठवा की सूत पाठवा? तिने लुगड्यासाठी सूत मागवलं आणि दारात तरणाताठा मुलगा उभा. गुप्त खुणेच्या शोधात तुझी चार पानं गेली. लिपीनेच काम केलं असतं. भारत इतिहास संशोधक मंडळात जाऊन मोडी पत्रं डोळ्यांनी बघ, नुसती छापील रूपांतरं नकोत.

आता किरकोळ. "पाच मिनिटांनी" खोड. घटका म्हणजे २४ मिनिटं, आणि पाण्यावर सोडलेलं भोकाचं घटिकापात्र बुडेपर्यंत वाट पाहण्यात जी चुळबुळ होते ती मिनिटांत होत नाही. चार्ल्स मॅलेट इंग्रजांचा वकील, म्हणजे राजदूत, म्हणून पुण्यात आला १७८६ साली. तुझं कथानक १७८४ चं. साल पुढे घे, नाहीतर साहेब काढ. नाना फडणवीस पडद्याआडच बरे, त्यांना प्रेमिकांची मध्यस्थी करायला लावू नकोस.

मला तपशिलाचा चिकट म्हणतात. म्हणोत. माझी पुस्तकं कोरडी झाली ती तपशिलाने नव्हे. तो तपशील मी कुणाच्या पायात येऊ दिला नाही, भिंतीवर टांगून ठेवला. तू तो पायात टाक.

तिसरं प्रकरण अमावास्येपूर्वी पाठव. पगडी करपलेली हवी.