ग्रोथ फॅक्टर, म्हणजे पेशीला वाढीचा संदेश देणारं प्रथिन, पेशीच्या आत शिरत नाही, मग नुसता बाहेरून चिकटून तो पेशीवरचा रिसेप्टर, म्हणजे संदेश घेणारं प्रथिन, चालू कसा करतो? त्याच्या आकाराचा यात काय संबंध?

प्रश्नाखाली तुम्ही कुलूप-किल्लीची उपमा दिली आहे. ती आपण सगळेच शिकलो, पण एन्झाइमच्या धड्यात. ग्रोथ फॅक्टरला लावली की ती फसवते. तिच्यामुळे वाटतं, की किल्ली नीट बसली, कुलूप उघडलं, काम झालं. खरं तर ग्रोथ फॅक्टर हा लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थासारखा असतो. एका रिसेप्टरला नुसतं धरून काही होत नाही, दोघांची गाठ पडावी लागते.

का, ते आधी सांगतो. अशा बहुतेक रिसेप्टरचा अर्धा भाग पेशीबाहेर, अर्धा आत, आणि मधल्या तेलकट पटलातून जाते ती फक्त एक सर्पिल दांडी, वीस-पंचवीस अमिनो आम्लांची. एवढ्या एकट्या दांडीतून बाहेरचा धक्का आत पोचवणं अवघड. पण दोन रिसेप्टर जवळ आले, की त्यांचे आतले कायनेज भागही (फॉस्फेट चढवणारी एन्झाइमं) शेजारी येतात आणि टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट चढवू लागतात. संदेशाची पुढची सगळी साखळी तिथून सुरू होते.

आता गाठ घालून देण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या, आणि आकाराचा संबंध येतो तो इथे. पीडीजीएफ, व्हीईजीएफ, एनजीएफ ही ग्रोथ फॅक्टर मंडळी स्वतःच जुळी आहेत. दोन प्रथिन-साखळ्या एकमेकींना बिलगलेल्या, त्यामुळे एका टोकाने हा रिसेप्टर धरला, दुसऱ्या टोकाने तो. सरळ हिशेब.

ईजीएफचं (एपिडर्मल ग्रोथ फॅक्टरचं) मात्र तसं नाही. हे जेमतेम ५३ अमिनो आम्लांचं प्रथिन. स्टॅन्ली कोहेन यांना ते उंदरांच्या लाळग्रंथीत सापडलं. ग्रंथीचा अर्क टोचलेल्या पिल्लांचे डोळे वेळेआधी उघडले आणि दातही लवकर आले, तिथून त्यांनी माग काढला. १९८६ चं नोबेल त्यांना आणि एनजीएफ शोधणाऱ्या रीटा लेव्ही-माँतालचिनी यांना मिळून मिळालं. हा ईजीएफ एकटा असतो, मग तोही दोन रिसेप्टरच्या मधे सांध्यासारखा बसत असेल, असंच कुणालाही वाटेल. २००२ मध्ये ईजीएफ आणि त्याचा रिसेप्टर यांच्या स्फटिकरचना (रेणूंचे नेमके आकार दाखवणारे आराखडे) प्रसिद्ध झाल्या तेव्हा दिसलं, की दोन ईजीएफ जोडीच्या दोन बाहेरच्या टोकांना आहेत, एकमेकांपासून लांब. मधे त्यांचा हात सुद्धा लागत नाही!

झालंय असं, की रिसेप्टरच्या बाहेरच्या भागाचे चार खंड आहेत. एरवी दुसऱ्या खंडातला एक बाहू चौथ्या खंडाशी अडकवून ठेवलेला असतो, हाताची घडी घालून बसल्यासारखा. ईजीएफ पहिल्या आणि तिसऱ्या खंडाला एकाच वेळी धरतो आणि त्यांना जवळ आणतो. घडी सुटते, बाहू मोकळा होतो आणि शेजारच्या रिसेप्टरच्या बाहूत अडकतो. आतल्या बाजूला एक कायनेज दुसऱ्याला पाठीमागून टेकू देतो आणि ज्याला टेकू मिळतो तो कामाला लागतो. म्हणजे जोडीही सारखी नसते, एक देणारा, एक घेणारा.

आकार बिघडला तर काय होतं, ते मी एमएससीच्या प्रकल्पात चांगलंच भोगलं. ई. कोलाय जिवाणूत ईजीएफ तयार केलं, जेलवर बरोबर जागी पट्टी आली, म्हणजे वजन बरोबर, म्हणून मी खुशीत. पेशींना दिलं तर त्यांना पत्ताच नाही. रिसेप्टरवर फॉस्फेट चढलं का ते पट्ट्यांनी दाखवणाऱ्या चाचणीत, ब्लॉटवर, कोरी पाटी. दोन महिने मी पेशींना दोष देत बसलो. दोष प्रथिनाच्या घडीचा होता. ईजीएफमध्ये सिस्टीन नावाची सहा अमिनो आम्लं असतात, त्यांच्या दोन-दोनच्या जोड्यांतून घडी धरून ठेवणारे तीन डायसल्फाइड बंध बनतात. सहांच्या जोड्या लावायच्या रीती पंधरा, त्यातली बरोबर एकच. जिवाणूच्या पेशीरसात हे बंध धड तयारच होत नाहीत. वजन तेच, क्रम तोच, पण पहिला आणि तिसरा खंड एकदम पकडायला लागणारा साचा नाही. प्रथिन पुन्हा उलगडून, सावकाश घडी घालून दिलं तेव्हा कुठे पट्ट्या उमटल्या.

माझी सगळ्यात आवडती गोष्ट मात्र वाढीच्या हार्मोनची. काटेकोर बोलायचं तर तो ग्रोथ फॅक्टर नाही, तरी तत्त्व तेच. १९१ अमिनो आम्लांचा एकच रेणू, त्याच्या दोन बाजू वेगळ्या आणि दोन्हींनी तो एकेक रिसेप्टर धरतो. ही रचना १९९२ ची. आता दुसऱ्या बाजूच्या, १२० व्या स्थानावरच्या ग्लायसिन या छोट्या अमिनो आम्लाच्या जागी एखादं थोराड अमिनो आम्ल बसवलं, की पहिला रिसेप्टर पकडला जातो, दुसरा नाही. हार्मोन चिकटतो झकास, संदेश शून्य. गायीच्या हार्मोनमध्ये असाच बदल करून जॉन कॉपचिक यांच्या प्रयोगशाळेत तो हार्मोन बनवणारे उंदीर तयार केले, तर ते मोठे व्हायच्या ऐवजी खुजे राहिले. पुढे याच कल्पनेवर पेगविसोमंट हे औषध आलं. हार्मोन जास्त झाल्याने हात, पाय, जबडा वाढत जाणाऱ्या ॲक्रोमेगालीच्या रुग्णांना ते देतात. कुलूप-किल्लीवाल्यांनी याचा विचार करावा. (हे रिसेप्टर आधीपासून जोडीनेच बसलेले असतात आणि हार्मोन फक्त त्यांची बैठक बदलतो, असं काही अभ्यासांत दिसलंय, पण त्यावर अजून एकमत नाही. तसं असेल तर जोडी नुसती असून भागत नाही, ती नीट बसावी लागते.)

घट्ट चिकटला म्हणजे संदेश जोरदार, हेही खरं नाही. ईजीएफ आणि त्याचा भाऊबंद टीजीएफ-अल्फा एकाच रिसेप्टरवर बसतात. पेशीने रिसेप्टर आत ओढून घेतला, की तिथल्या आम्लतेत टीजीएफ-अल्फा सुटतो आणि रिसेप्टर परत पृष्ठभागावर येतो. ईजीएफ धरून ठेवतो, त्यामुळे रिसेप्टरची रवानगी बहुधा लायसोसोममध्ये, मोडीत. त्याच रिसेप्टरवर बसणारा तिसरा, एपिरेग्युलिन, तर आणखी मजेशीर. त्याने जुळवलेली जोडी कच्ची आणि लवकर सुटणारी, पण २०१७ च्या एका अभ्यासात त्याचाच संदेश जास्त काळ टिकला आणि पेशी विभाजनाऐवजी विभेदनाकडे, म्हणजे ठरावीक कामाची पेशी बनण्याकडे, वळल्या.

तुम्ही शेवटी चेहऱ्याला लावायच्या ईजीएफ सीरमबद्दल विचारलंय. ईजीएफचं वजन सुमारे ६,२०० डाल्टन (रेणूंचं वजन मोजायचं एकक). धड त्वचेच्या वरच्या मृत थरातून साधारण ५०० डाल्टनपेक्षा मोठे रेणू फारसे पार होत नाहीत आणि रिसेप्टर तर त्या थराच्या खाली, जिवंत पेशींवर. मधुमेही पायाच्या जखमेवर ईजीएफचं जेल लावतात, ते आपल्याकडेही मिळतं. तिथे वरचा थर उरलेलाच नसतो, म्हणून रेणू पेशीपर्यंत पोचू शकतो. चेहऱ्यासाठी बाटली घ्यायची का, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी घेतली नाही.